रानफळांवरून काळं अस्वल कसं शोधायचं? (ऑगस्टअखेर, ग्लेशियर आणि वॉटरटन)

पाऊलवाट:
ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेत मोंटानातलं ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान आणि सीमेपलीकडचं, कॅनडातलं वॉटरटन असे पाच दिवस ठरलेत. सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा आहेत, त्यामुळे मोठी चढण नाही. गाडी, रस्त्याकडेचे थांबे आणि सपाटीवर अर्धापाऊण तासाची चाल, एवढंच. दोघांना काळं अस्वल दाखवायचं आहे. दिवसभर गाडी फिरवत नशिबावर हवाला ठेवण्यापेक्षा, त्या दिवसांत अस्वल काय खातं ते आधी कळलं तर बघायचं कुठे हेही ठरवता येईल. तेव्हा कुठली फळं पिकलेली असतात, किती उंचीवर, झुडूप ओळखायचं कसं आणि अस्वल तिथे येऊन गेल्याच्या खुणा कोणत्या? शिकारीसाठी नाही, फक्त बघण्यासाठी विचारतोय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

हिमरेषा:
दिशा अगदी बरोबर आहे. जुलै उलटला की काळं अस्वल फक्त पोटासाठी जगतं. हिवाळ्याच्या झोपेआधी चरबी साठवायची असते. या दिवसांत ते वीस-वीस तास खात राहतं आणि दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत मजल जाते. आता साधा हिशोब करा. ब्लूबेरीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५७ कॅलरी असतात. नुसत्या १०,००० कॅलरी मिळवायच्या तरी साडेसतरा किलो फळं झाली. इथे चार, तिथे पाच अशी फळं टिपत हे जमणार नाही, मिळालेलं सगळं चालण्यातच खर्ची पडेल. म्हणून अस्वल दिसतं ते फळं दाट लगडलेल्या जागी, नुसती झुडपं आहेत तिथे नाही. हा फरक लक्षात ठेवलात तर निम्मं काम झालं.

तुमच्या भागातला क्रम असा. सर्विसबेरी, जिला कॅनडात सॅस्कटून म्हणतात, ती खालच्या उघड्या उतारांवर जुलैत पिकते. बफेलोबेरी मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. चोकचेरी ओढ्याकाठी आणि रानाच्या कडेला ऑगस्ट-सप्टेंबरात. हॉथॉर्न आणि माउंटन ॲश त्यानंतर. या सगळ्यांत मुख्य ती हकलबेरी. ती साधारण ३,५०० ते ७,००० फुटांपर्यंत असते, म्हणून तिचा हंगाम एकदम येत नाही, उतारावरून पायरीपायरीने वर चढतो.

किती वेगाने चढतो याला हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाचा जुना ठोकताळा आहे: दर ४०० फुटांना चार दिवस उशीर. म्हणजे ३,५०० फुटांवर जुलैअखेर पिकलेलं फळ ६,५०० फुटांवर महिनाभराने पिकणार. तुमचा आठवडा आला ऑगस्टअखेरचा, तेव्हा नजर ५,५०० ते ६,५०० फुटांच्या पट्ट्यावर ठेवा. खालच्या झुडपांत तोवर सुकलेली, सुरकुतलेली फळं उरलेली असतात.

सांजसावली:
वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी आमचंही तिकडे जायचं चाललंय.

उत्तरउतार:
हिमरेषा यांच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, पण हॉपकिन्सवर एवढी भिस्त नको. तो ठोकताळा मुळात वसंतातल्या फुलोऱ्यासाठी मांडलेला आहे. फळाच्या बाबतीत उंचीइतकंच उताराचं तोंड कुठे आहे ते महत्त्वाचं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर दिवसभर ऊन, बर्फ लवकर वितळतो, फळ लवकर पिकतं आणि लवकर सुकतं. त्याच डोंगराच्या उत्तर अंगाला, त्याच उंचीवर, फळ अजून हिरवं असू शकतं. एकाच शिखराच्या दोन बाजूंना दोन वेगळे हंगाम चालू असतात.

शिवाय वर्षावर्षाचा फरक. फुलोऱ्याच्या वेळी गोठवणारं दव पडलं तर फूल करपतं आणि त्या पट्ट्यातली हकलबेरी त्या साली गेलीच म्हणून समजा. बर्फ कमी पडला तर झुडपांवरचं पांघरूण जातं आणि थंडीने शेंडे मरतात. जुलैत कोरडा उन्हाळा असेल तर फळ धरतं पण मिरीएवढंच राहतं. नकाशावर उंचीची रेघ ओढून कुणी बसलं आणि त्या साली त्या पट्ट्यात फळच नसलं, तर चार दिवस वाया जातील.

हिमरेषा:
@उत्तरउतार, मान्य. ठोकताळा सुरुवात कुठून करायची एवढंच सांगतो. तिथे पोहोचल्यावर पहिल्या दिवशी रस्त्याकडेला तीन वेगवेगळ्या उंचींवर थांबून पाच-पाच झुडपं न्याहाळायची. फळ हिरवं, लालसर, काळंजांभळं की सुकलेलं, ते बघायचं. तीन नोंदी झाल्या की पिकलेला पट्टा त्या साली कुठवर आलाय ते आपोआप कळतं. आंब्याच्या बागेत पाडाला लागलेली फांदी शोधतो तसंच.

झुडूप ओळखायला हे बघा. हकलबेरी गुडघ्याएवढी ते कमरेएवढी. पान अंड्याच्या आकाराचं, कडेला बारीक दाते. फळ घोसात नसतं, पानाच्या बेचक्यात एकेकटं लटकतं. खालच्या टोकाला बारीक मुकुटासारखी कडा. चिरडलं तर गरही जांभळा निघतो, बाजारातल्या ब्लूबेरीचा गर फिका असतो. सर्विसबेरीचं पान वरच्या अर्ध्यात दातेरी आणि देठाकडच्या अर्ध्यात गुळगुळीत, फळं गुच्छात. चोकचेरीचं फळ लांब लोंबत्या घोसात, आत एकच आठळी.

आणि चुकूनही चाखून ओळखायचा मोह नको. त्याच रानात बेनबेरी असते, चकचकीत लाल किंवा पांढरी फळं, विषारी. क्वीन्स कप नावाच्या छोट्या झाडाला एकच सुंदर निळं फळ येतं, तेही खायचं नसतं. ट्विनबेरीची काळी फळं जोडीने असतात आणि त्यांच्याखाली गर्द तांबडी पानं. जोडी दिसली की ती हकलबेरी नव्हे.

मातीचे_हात:
खुणांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आधी झुडूप वाचायला शिका.

पक्षी फळ एकेक टिपतो, पानं जागच्या जागी राहतात. माणसाने तोडलेलं झुडूपही उभंच असतं. अस्वल ओठ आणि जिभेने फांदी ओरबाडतं. एवढं मोठं जनावर, पण ओठ इतके सैल आणि चपळ की फांदी तोंडात घेऊन फळं ओढून काढतं. त्यात पानंही जातात. म्हणून अस्वलाने खाल्लेल्या हकलबेरीच्या फांद्या पुष्कळदा टोकाकडे बोडक्या दिसतात, चिरडलेली पानं खाली पडलेली असतात आणि झुडूप एका बाजूला दबलेलं असतं. दोन-तीन झुडपांना जोडणारी चेपलेली पायवाट दिसली तर खात्री धरा. चोकचेरी आणि सर्विसबेरी उंच असते, तिथे अस्वल मागच्या पायांवर उभं राहून खोड वाकवतं. मोडलेल्या फांद्या आतल्या बाजूला ओढलेल्या दिसतात. मोडलेल्या जागी लाकूड पांढरं, ओलं आणि पानं अजून हिरवी असतील तर मोड ताजी. पानं लोंबकळून तपकिरी झाली असतील तर काही दिवस उलटलेत.

दुसरी खूण विष्ठेची. फळांच्या दिवसांत ती सैल, पसरट ढिगासारखी असते, शेणाचा पो टाकावा तशी. हकलबेरीची निळसर काळी, बफेलोबेरीची लालसर. अस्वल फळ फारसं चावत नाही, त्यामुळे बिया आणि कित्येकदा अख्खी फळं, सालं आणि पानांचे तुकडेसुद्धा तसेच दिसतात. चोकचेरीच्या आठळ्या तर मोजता येतील इतक्या साबूत. वासही घाणेरडा नसतो, आंबलेल्या फळासारखा असतो. काडीने उलगडून बघा, हात लावू नका, जंतांची अंडी असतात. बिया कशाच्या आहेत ते कळलं की अस्वल सध्या कुठल्या ताटावर बसलंय ते कळलं. नुसतं "इथे अस्वल होतं" याहून ही माहिती मोलाची. वाटेवर खाली विष्ठा सापडली आणि आत सगळी हकलबेरी, पण आसपास हकलबेरीचा पट्टा नाही, तर अस्वल वरच्या पट्ट्यात खाऊन खाली पाण्यावर येतंय. बघायचं वर.

ताजेपणा ठरवताना फसायला होतं. उन्हात वरची साय काही तासांत सुकते आणि ढीग जुना वाटतो. आत ओला आणि चकचकीत असेल तर तो जुना नव्हे. सावलीत आणि पावसात याच्या उलट, जुना ढीगही ताजा भासतो.

निळीशाई:
@मातीचे_हात, सुंदर प्रतिसाद. ताटाची उपमा फार आवडली.

बफेलोबेरीबद्दल थोडी भर, कारण कॅनडातल्या बॅम्फ-जॅस्पर उद्यानांकडे तीच अस्वलांची मुख्य रसद. पान उलटं करून बघा, खालून रुपेरी आणि त्यावर गंजासारखे तपकिरी ठिपके. फळ लाल, क्वचित पिवळं, काचेच्या मण्यासारखं अर्धपारदर्शक, त्याच्यावरही ठिपके. नर आणि मादी झुडपं वेगळी असतात, फळ फक्त मादीला. त्यामुळे शंभर झुडपांचा ताटवा बघून हुरळून जाऊ नका, त्यातली निम्मी वांझ असू शकतात. चव कडू. त्यात सॅपोनिन असतं, आपल्या रिठ्यात असतं तेच, म्हणून तिला सोपबेरी असंही नाव आहे. ब्रिटिश कोलंबियातले मूळ रहिवासी ही फळं घुसळून घट्ट फेस काढतात आणि तो गोडाबरोबर खातात. रिठ्याचा फेस डोळ्यांसमोर आणा, तसाच.

सांजसावली:
रिठ्याचा फेस खायचा! आजीला सांगायला हवं. बरं, हकलबेरीची चव कशाच्या जवळ जाते? करवंद?

निळीशाई:
करवंदाला चीक असतो, हिला नाही. पिकलेल्या करवंदाचा आंबटगोडपणा घ्या, त्यात जांभळाचा रंग आणि बराच जास्त सुवास घाला. पण तोडण्याआधी नियम बघा. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत फळं तोडायला बंदी आहे. अमेरिकेत उद्यानागणिक मर्यादा वेगळी, प्रवेशद्वारावर विचारून घ्यायची.

रानवारा:
सगळे झुडपापर्यंत पोहोचलेत, आता मला पटत नाही ते सांगतो. फळांवरून अस्वल सापडतं हे खरं, पण झुडपात जाऊन सापडवायचं नसतं. फळांची जाळी ही त्या रानातली माणसासाठी सगळ्यात वाईट जागा. अस्वलाचं डोकं पानांत, तोंडाचा आवाज चालू, शेजारी ओढा वाहत असला तर त्याला तुमची चाहूल लागतच नाही. दहा पावलांवर अचानक समोरासमोर येणं हीच खरी धोक्याची गोष्ट. आणि ग्लेशियर-वॉटरटनमध्ये त्याच हकलबेरीवर ग्रिझलीही (काळ्याहून मोठी, जास्त धोकादायक जात) असतं.

म्हणून मातीचे_हात यांनी सांगितलेल्या खुणा दिसल्या की त्यांचा उपयोग मागे फिरण्यासाठी करायचा. ताजी विष्ठा, ओली मोड, चेपलेलं गवत दिसलं की उलट पावली मोकळ्या जागी यायचं आणि समोरच्या उतारावरून किंवा रस्त्यावरून दुर्बीण लावायची. चालताना बोलत राहायचं, वळणावर टाळ्या वाजवायच्या. पिशवीला बांधतात त्या घुंगरांचा काही उपयोग नाही, आवाज फार बारीक. माणसाचा मोठा आवाज हवा, भाषा कुठलीही चालते.

अस्वलासाठीचा तिखट फवारा प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला, पिशवीच्या आत नव्हे. मारा साधारण सात ते दहा मीटर, डबा सात-आठ सेकंदांत रिकामा होतो. आधी पिवळी-केशरी खीळ काढायचा सराव करा, ऐन वेळी बोटं थरथरतात. अस्वल अंगावर येत असेल तर थोडा खाली रोख ठेवून दोनेक सेकंदांचा फवारा, म्हणजे त्याला ढगातूनच यावं लागतं. हा डबा विमानात नेता येत नाही, ना हातातल्या सामानात ना खाली. तिथेच विकत किंवा भाड्याने घ्या आणि तळाशी छापलेली मुदत बघा. अंगावर किंवा तंबूवर मारायचा नसतो, तो ओडोमॉस नाही. (कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत मात्र फवारा न्यायला बंदी आहे, तिकडे जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

दुर्बीणधारी:
रानवारा यांचं बरोबर, पण वाऱ्याचं एक राहिलं. अस्वलाचं नाक सगळ्यात तेज. वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसलं तर ते निवांत खात राहतं आणि बराच वेळ बघता येतं.

रानवारा:
@दुर्बीणधारी, गाडीत किंवा दरीपलीकडे बसून बघणार असाल तर वारा कुठूनही वाहो. पायी असाल तर हा सल्ला धोक्याचा आहे. पायी चालताना आपला वास त्याच्याकडे आधी पोहोचलेला चांगला, म्हणजे ते आपणहून बाजूला होतं. वास लपवून जवळ जाणं ही शिकाऱ्याची पद्धत, बघणाऱ्याची नव्हे.

दुर्बीणधारी:
बरोबर, पायी चालणाऱ्यांसाठी माझं वाक्य मागे घेतो. मी लिहिलं ते दूरच्या ठिकाणी बसून बघण्याबद्दल.

त्या बसण्याबद्दलच सांगतो. हाताची दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. आईबाबांना ८×४२ द्या, हात थरथरला तरी चित्र स्थिर राहतं आणि दृश्य रुंद दिसतं. तिपाईवर २० ते ६० पटीची एकनळी दुर्बीण असेल तर उत्तम. अस्वल तुम्ही शोधून लावून द्यायचं, त्यांनी फक्त डोळा टेकवायचा. उतार चाळायची पद्धत ठेवा: डोंगराचे आडवे पट्टे पाडा, डावीकडून उजवीकडे सावकाश जा, एक पट्टा संपला की त्याच्या खालचा. एकेका चौकटीवर पाच सेकंद तरी थांबा. काळे बुंधे आणि सावलीतले दगड सतत फसवतात. पाच मिनिटांनी पुन्हा त्याच जागी आलात आणि "दगड" सरकला असेल तर ते अस्वल.

कुठे चाळायचं? फळांचा पट्टा आणि आसऱ्याचं रान जिथे मिळतं ती कड. काळं अस्वल झाडावर चढणारं जनावर, धोका वाटला की खोड गाठतं, म्हणून उघड्या माळाच्या मधोमध फारसं रमत नाही. ग्रिझली उघड्यावरही बिनधास्त असतं. हिमप्रपाताने साफ झालेल्या पट्ट्यांच्या कडा आणि जुन्या वणव्याची राने बघा. हकलबेरीला ऊन लागतं, दाट छायेत झुडूप जगतं पण फळत नाही. आयडाहो-मोंटानात १९१० साली सुमारे ३० लाख एकर रान जळलं, पुढे त्या उतारांवर हकलबेरीची मोठमोठी रानं उभी राहिली. पण नुकत्या जळलेल्या रानात ती शोधू नका. झुडूप जमिनीखालच्या खोडातून फुटतं आणि भरपूर फळायला बरीच वर्षं घेतं.

स्मोकीकाठ:
पूर्वेकडच्या वाचकांसाठी. टेनेसी-नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी उद्यानात सुमारे १,९०० काळी अस्वलं आहेत, पण इथलं कोष्टक वेगळं. वसंतात स्क्वॉरूट (ओकच्या मुळांवर वाढणारं बांडगूळ), उन्हाळ्यात ब्लूबेरी-ब्लॅकबेरी, ऑगस्ट-सप्टेंबरात ब्लॅक चेरी आणि मग ओकची फळं. ब्लॅक चेरी हे मोठं झाड, त्यामुळे इथे मान वर करून शोधायचं. अस्वल शेंड्याला बसून फांद्या स्वतःकडे मोडून घेतं आणि खाऊन झालेल्या फांद्यांचा घरट्यासारखा गुंता तिथेच राहतो. झाडाखाली हिरव्या पानांचा ताजा सडा दिसला तर वर बघण्याआधी दूर व्हा, ते वरच असू शकतं.

शरदात मात्र बेरी विसरा, ओक बघा. पांढऱ्या ओकचं फळ एका हंगामात तयार होतं, तुरटपणा कमी, अस्वल आधी तिकडे. लाल ओकच्या फळाला दोन हंगाम लागतात. ओकचा बहर बुडाला की अस्वलं लांब लांब भटकतात, रस्ते ओलांडतात आणि गावातल्या कचराकुंड्यांपर्यंत येतात.

अंतराचा नियम: स्मोकीत ५० यार्ड, ग्लेशियर आणि यलोस्टोनमध्ये १०० यार्ड, कॅनडाच्या उद्यानांत १०० मीटर.

वैनगंगा:
धागा तिकडचा आहे, पण एक सावधगिरी. हे वाचून कुणी ताडोबा-मेळघाट-गडचिरोलीत फळांवरून अस्वल शोधायला पायी निघू नये. आपलं अस्वल वेगळ्या जातीचं. तेही फळांमागे फिरतं: हिवाळ्यात बोरं, मार्च-एप्रिलात मोहाची फुलं, मग टेंभरं, पाठोपाठ जांभळं, उंबर मिळेल तेव्हा. पण निम्मं पोट वाळवी आणि मुंग्यांवर. वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून वाळवी ओढून घेतं. हिवाळी झोप नाही. अचानक गाठ पडली तर काळ्या अमेरिकन अस्वलासारखं पळून न जाता बहुधा अंगावर येतं. मोह वेचायला पहाटे जाणारी माणसं आणि त्याच झाडाखाली आलेलं अस्वल, यातूनच आपल्याकडे माणसं जखमी होतात. इकडे फळांचं हे ज्ञान वापरायचं ते मोहाखाली उजाडल्यावरच जाण्यासाठी, चार जणांनी मिळून आणि बोलत जाण्यासाठी.

पाऊलवाट:
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न. दुरून ग्रिझली आणि काळं यांतला फरक कसा ओळखायचा? आणि रस्त्याकडेला खाणाऱ्या अस्वलापाशी आपण किती वेळ थांबावं?

मातीचे_हात:
पहिल्याचं उत्तर: रंगावर जाऊ नका. त्या भागात काळी अस्वलं तपकिरी, दालचिनी रंगाची, अगदी भुरकीसुद्धा असतात. खांद्यावर उंचवटा असेल आणि नाक-कपाळाची रेघ मध्ये खोलगट असेल तर ग्रिझली. खांदा सपाट, सर्वांत उंच भाग पुठ्ठ्याकडे, चेहरा सरळ, कान मोठे आणि उभे, तर काळं. चिखलात पुढच्या पायाचा ठसा मिळाला तर अंगठ्याच्या बुडापासून तळव्याच्या वरच्या कडेला टेकवून सरळ काडी ठेवा. (अस्वलाचं सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं, आतल्या बाजूचं सर्वांत लहान.) लहान बोट निम्म्याहून जास्त काडीच्या वर गेलं तर ग्रिझली, खाली राहिलं तर काळं. काळ्याची नखं आखूड आणि वाकडी, त्यांचे ठसे बोटांच्या जवळच उमटतात.

दुसऱ्याचं: अस्वलाने मान वर केली आणि चावणं थांबवलं की तुम्ही जास्त जवळ आहात. त्याला ताटावरून उठवू नका. या दिवसांतला एकेक घास मादीसाठी पुढच्या पिढीचा असतो. मिलन होतं जून-जुलैत, पण गर्भ नोव्हेंबरच्या सुमारास रुजतो. तोवर अंगावर पुरेशी चरबी साठली नाही तर तो रुजतच नाही. रस्त्याकडेच्या फळांवरून एकाच मादीला दिवसातून दहादा हुसकावलं तर तिचं काय जातं ते यावरून कळेल. गाडीतून उतरू नका, रस्त्याच्या मधे थांबू नका, इंजिन बंद करा, चार-पाच मिनिटं बघा आणि निघा. गाड्यांची रांग आधीच असेल तर थांबूच नका. फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका.

दुर्बीणधारी:
फोटोचं एक. काळं अंग चौकटभर असेल तर कॅमेरा फसून सगळं फिकट करतो, उजेड दोन-तृतीयांश ते एक पायरी कमी करा. हिरव्या उतारावर अस्वल छोटंसं असेल तर हे लागू नाही. भर दुपारी लांबच्या फोटोत उष्ण हवेची लाट येते आणि कितीही भारी भिंग असलं तरी चित्र विरघळतं. खिडकीच्या काचेवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर भिंग टेकवा, तिपाईपेक्षा सोयीचं.

हिमरेषा:
मूळ प्रश्नाकडे. @पाऊलवाट, आईबाबांना धरून असं करता येईल.

पहिल्या दिवशी ग्लेशियर उद्यानातून आरपार जाणाऱ्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावरून वर जाताना वर सांगितलेल्या तीन नोंदी करा. लोगन खिंड ६,६४६ फूट, म्हणजे सगळा पट्टा गाडीतूनच मिळतो. मग दोन दिवस उद्यानाच्या पूर्वेकडचा मेनी ग्लेशियर हा भाग. स्विफ्टकरंटच्या वाहनतळावरून आल्टिन आणि हेन्केल डोंगरांचे उतार समोर दिसतात. तिथे रस्त्यालगतच खुर्च्या टाकून दुर्बीण लावता येते, चढण शून्य. उद्यानाचे रक्षकही पुष्कळदा दुर्बीण घेऊन तिथे असतात, त्यांना विचारा. उतारांचं तोंड दक्षिणेकडे आहे, म्हणून उत्तरउतार म्हणतात ते इथे लागू: खालचा भाग ऑगस्टअखेर सुकलेला असू शकतो, नजर वरच्या झुडपांवर. वाहनतळ लवकर भरतो. त्या आठवड्यात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, उजाडायच्या आत पोहोचा. नऊ-दहापर्यंत बघा, दुपारी आराम, पुन्हा पाच ते अंधार. ढगाळ, गार दिवस असेल तर दुपारही सोडू नका, ऊन नसलं की अस्वल खाणं थांबवत नाही.

शेवटचे दोन दिवस वॉटरटनचा रेड रॉक रस्ता, सुमारे १५ किलोमीटर, सावकाश गाडी चालवत. इथे सॅस्कटून आणि चोकचेरी. हा भाग २०१७च्या केनो वणव्यात जळला होता, नवी वाढ अजून बुटकी आहे, त्यामुळे अस्वल लपत नाही.

उत्तरउतार:
हिमरेषांच्या आराखड्याला एकच जोड. फळाचा पट्टा सापडेना तर पानाचा रंग बघा. हकलबेरीची पानं ऑगस्टअखेर वरच्या उतारांवर लाल पडायला लागतात आणि सप्टेंबरात सगळा पट्टा कुंकवासारखा दिसतो. दोन मैलांवरूनही त्या लाल डागांच्या कडा कळतात. पहिल्या दिवशी ते डाग नकाशावर खुणा करून ठेवा आणि दुर्बीण आधी त्यांच्यावर. लाल पार्श्वभूमीवर काळं अस्वल साध्या डोळ्यांनीही उठून दिसतं, आईबाबांना दाखवायला याहून सोपं काही नाही.

पाऊलवाट:
सगळं उतरवून घेतलं. आठ पटीची दुर्बीण आजच मागवतोय. परतल्यावर कुठल्या उंचीवर फळ होतं त्या तीन नोंदी इथे टाकतो, जागा न लिहिता.